घोड्याच्या पायाला गाल

माझा भाऊ घोड्यापुढे गुडघे टेकून बसायचा आणि त्याच्या पायाला आपला गाल लावायचा. रेसच्या जगातल्या मोठमोठ्या लोकांनी हे पाहिलं आणि प्रत्येकाने आपापला अर्थ काढला. कोणी म्हणे हा नमस्कार आहे, कोणी म्हणे मंत्र. एक मालकीणबाई तर मला म्हणाल्या, तुमचा भाऊ संत आहे हो. मी म्हटलं, असेल बाई. आंघोळीनंतरचा ओला टॉवेल त्याने जन्मात कधी दोरीवर टाकला नाही, पण असेल संत.

खरं काय ते पाच वर्षं फक्त तिघांना ठाऊक होतं. भावाला, मला आणि धंतोलीतल्या एका डॉक्टरांना.

आमचे बाबा नागपुरात सक्करदऱ्याहून स्टेशनपर्यंत टांगा हाकायचे. पहाटे खरारा करण्याआधी ते घोड्याच्या चारही पायांवरून हळूहळू हात फिरवायचे. त्यांचं म्हणणं, दुखणं आलं की सूज मागाहून येते, आधी ऊब येते. ऊब कळली तर घोडा वाचतो. सूज दिसेपर्यंत थांबलात, तर मग बसा कपाळाला हात लावून. "घोडं बोलत नाही गा, त्याचा पाय बोलते," असं ते भावाला सांगायचे. त्याच्या डोळ्यांवर आपला दुपट्टा बांधायचे आणि विचारायचे, कोणता पाय, कुठी गरम? चुकलं की पुन्हा पहिल्या पायापासून. मी उंबऱ्यावर बसून त्याला चिडवायचे, की आंधळी कोशिंबीर अजून संपली नाही का म्हणून.

त्या काळी पायातून गेलेले रेसचे घोडे हातोहात विकले जात शेवटी टांग्यापर्यंत यायचे. आमच्याकडेही असा एक आला. उंच, लांब मानेचा, कातडी इतकी पातळ की माशी बसली तरी अंगभर शहारा जायचा. बाकीचे टांगेवाले हसायचे, राजवाड्यातली सून भांडी घासायला बसवली म्हणायचे. भावाचा मात्र त्या घोड्यावर जीव जडला. टांगा रिकामा असला की तो त्याला सक्करदऱ्याच्या तलावात गुडघाभर पाण्यात उभा करायचा आणि तासभर स्वतःही उभा राहायचा. वर्षभरात त्या घोड्याचं लंगडणं गेलं. हे सरकारी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहिलं, भावाचा हात पाहिला, आणि पुण्याच्या एका ट्रेनरच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. भाऊ तेव्हा विशीत होता. चिठ्ठी घेऊन गेला तो गेलाच.

तिकडे आधी सईस झाला. दहा-बारा वर्षं घोड्यांची लीद काढली, मालिश केली, त्यांना फिरवायला नेलं. मग सईसांवरचा जमादार, मग ट्रेनरचा मदतनीस. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला स्वतःचं लायसन मिळालं. बाबांनी ती बातमी ऐकली आणि कितीतरी वेळ स्वतःचे तळहात बघत बसले. दीक्षा घेण्याआधीच्या काळात ते हात लोकांच्या माठाला लागलेले चालत नव्हते, आणि आता त्यांनीच शिकवलेल्या हातांवर विसंबून मोठाली माणसं आपले जिवापाड जपलेले घोडे सोडून जात होती. त्या दिवशी बाबांनी टांगा जोडला नाही.

मी तोवर नर्स झाले होते. सुट्टी काढून पुण्याला गेले आणि पहिल्यांदा भावाचं काम पाहिलं. अजून सूर्य यायचा होता. धुक्यातून आधी नुसता आवाज यायचा, जमिनीतून पायात चढणारा, आणि मग एकदम दोन घोडे समोरून निघून जायचे. मी अशी काही भेदरले की शेजारच्या सईसाचा दंडच धरला. टांग्याला जुंपलेल्या त्या आमच्या घोड्यात हे होतं तर! मला फार वाईट वाटलं त्याच्यासाठी.

कसरत संपली, घोडे निवाले, आणि भाऊ एकेकाच्या पायावरून हात फिरवत निघाला. तीस-पस्तीस घोडे, प्रत्येकाचे चार पाय. एका घोड्यापाशी तो थांबला, पुन्हा हात फिरवला आणि म्हणाला की याला चार दिवस पळवायचं नाही. मला तो पाय इतर तीन पायांसारखाच दिसत होता. मालकाचं तोंड कडू झालं. तिसऱ्या दिवशी, नुसतं उभं राहून, त्या पायाला सूज आली. मी डॉक्टरांच्या हाताखाली काम करते, भल्याभल्यांचे हात पाहिलेत. असा हात मी पाहिला नव्हता. माझ्याच भावाची मला भीती वाटली, देवळात वाटावी तशी.

घोडे जिंकत गेले. पेपरात त्याचं नाव यायला लागलं. आणि ऐन भरात असताना, एका दसऱ्याला, दीक्षेच्या दिवसासाठी तो दरवर्षीसारखा एक दिवस नागपूरला आला.

मी चहा केला. घाईत स्टीलच्या ग्लासात ओतला आणि पदराने धरून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उघड्या हाताने उचलला आणि कुठल्याशा जॉकीची गंमत सांगायला लागला. सांगतोय, सांगतोय, ग्लास हातातच. मी गमतीकडे लक्षच देईना. त्या ग्लासाला मला बोट लावता आलं नव्हतं. मी त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची कातडी लाल होऊन फुगायला लागली होती, आणि तो मला विचारत होता की चहा काहून घेतला वं.

नर्सला हे काय असतं ते शिकवायची गरज नसते. विदर्भात तर नाहीच. मी त्याच्या बाह्या वर केल्या. एका कोपराच्या वर फिकट चट्टा होता. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. बाबांचा दुपट्टा खुंटीला होता. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती तरी आम्ही तो काढला नव्हता. तो मी भावाच्या डोळ्यांवर बांधला, त्याला हात पुढे करायला सांगितलं आणि म्हटलं, जिथे कापूस लागेल तिथे सांग.

त्याला वाटलं मी जुना खेळ काढलाय. हसत बसला होता. मी करंगळीला कापूस लावला, मग शेजारच्या बोटाला, तळहाताच्या कडेला, सगळ्या बोटांच्या टोकांना. दुसऱ्या हातालाही. दोनदा फिरवला. तो वाट बघत तसाच बसलेला.

"सुरू कर ना वं," तो म्हणाला.

मी त्या क्षणी रडले. आवाज न करता रडायची सवय वॉर्डात लागते, ती कामी आली.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी कोपरामागची नस चाचपली आणि आम्हाला समोर बसवलं. चांगला माणूस, आडपडदा नाही. म्हणाले, हा महारोग आहे. गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील, पुढे वाढणार नाही, कोणाला लागणार नाही, चेहरा शाबूत आहे. पण हातांची गेलेली जाणीव परत येणार नाही.

तिथून निघालो ते तलावावर जाऊन बसलो. भावाने कबूल केलं की सहा महिन्यांपासून त्याला शंका होती. हाताला सगळेच पाय सारखे लागायला लागले होते, आणि तो घोड्याच्या डोळ्यावरून, चालण्यावरून अंदाज बांधून वेळ मारून नेत होता. आतापर्यंत नशिबाने साथ दिली होती. पण एखाद्या दिवशी दुखऱ्या पायाचा घोडा तो पळायला सोडणार, भर वेगात त्या पायाची शीर तुटणार, आणि तशा घोड्याला मग गोळीच घालतात. वर जॉकी खाली येणार तो वेगळा. आणि रोगाचं नाव नुसतं फुटलं, तरी सगळे मालक एका दिवसात आपले घोडे सोडवून नेणार. हात लावून घोडा राखणारा माणूस, आणि त्याला महारोग. तो म्हणाला की लायसन परत करतो.

मला राग आला. मला दुःख झालं की आधी रागच येतो, आईवर गेलेय मी.

"बाबानं तुले पाय शिकवला होता का हात?" मी विचारलं. "हात गेला तं दुसरं काही लाव. वॉर्डातल्या बाया लेकराचा ताप कशानं पाहतात? हात कामानं राठ झाले असते त्यांचे. गाल लावतात."

तो उठला आणि आम्ही घरी आलो.

शेजारच्या टांगेवाल्याचा घोडा मागून आणला. भावाला पाठमोरं उभं केलं, घोड्याच्या एका पायाला गरम पाण्याचं फडकं गुंडाळलं, काढलं, पुसलं, पाय निवत आला तेव्हा भावाच्या डोळ्यांवर तोच दुपट्टा बांधून त्याला आणलं. तो गुडघ्यांवर बसला. पहिल्या पायाला गाल लावला, दुसऱ्या, तिसऱ्या. तिसऱ्यापाशी थांबला आणि गुडघ्याखाली चार बोटांवर नाक टेकवून म्हणाला, इथी. बरोबर तिथेच. आम्ही सात वेळा केलं, सातही वेळा बरोबर. टांगेवाला आम्हाला वेड लागलं समजून घोडा घेऊन गेला.

त्यानंतर मला झोप लागेना ती वेगळ्याच काळजीने. टांग्याचं घोडं गरीब असतं. रेसचा घोडा म्हणजे अंगात वारं भरलेलं जनावर, उगाच कागद उडाला तरी लाथ झाडेल. हात तुटला तर बांधता येतो. हा त्याच्या मागच्या पायांशी तोंड नेणार होता, रोज, तीस-पस्तीस घोड्यांच्या. मी कुठली शहाणी, मीच ते सुचवलं होतं.

पण गेला आणि करायला लागला. घोडे दोन दिवस बिचकले, मग उभे राहायला लागले. सईस सांगायचे की तो खाली बसला की घोडा श्वास हळू करतो. मी दर महिन्याला आवळासुपारीचा डबा पाठवायचे, खाली पांढऱ्या गोळ्या, वर सुपारी. तिकडच्या लोकांना वाटे, नागपूरच्या माणसाला आवळ्याचं काय वेड. आणि घोडे जिंकतच होते. पूर्वीपेक्षा जास्त, कारण हाताला न कळणारी ऊब गालाला कळायची. यावर कडी म्हणजे दुसरे ट्रेनर! यशाचं गमक सापडलं म्हणून तेही सकाळी गुडघे टेकायला लागले. धडधाकट हातांची माणसं, घोड्याच्या पायाला गाल लावून डोळे मिटून बसलेली. भाऊ घरी येऊन त्यांच्या नकला करायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो.

पाच वर्षं अशी गेली. भावाने मधल्या काळात नागपूरजवळच्या बेसा गावात, तेव्हा ते निव्वळ खेडं होतं, थोडं शेत भाड्याने घेऊन तबेला बांधला होता. पाय दुखावलेले घोडे तो तिथे विश्रांतीला पाठवायचा. एका पावसाळ्याअखेरीस एक काळी घोडी आली. गुडघ्यामागची शीर ताणलेली. तिचा मालक भावाचा सगळ्यात मोठा मालक होता, तबेल्यातले निम्म्याहून जास्त घोडे त्याचे. आणि ही घोडी त्याच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. मुंबईची मोठी शर्यत चार वर्षांच्याच घोड्यांना धावता येते. म्हणजे घोड्याच्या जन्मात एकदा. ती फेब्रुवारीत होती, आणि ही घोडी यंदा चार वर्षांची होती.

डिसेंबरात मालक तिला न्यायला स्वतः नागपूरला आले. सोबत त्यांचे घोड्यांचे डॉक्टर आणि दोन मित्र. भाऊ आदल्या दिवशीच मुंबईहून आला होता, हिवाळ्यात पुण्याचे घोडे तिकडेच धावतात. पहाटे, ऊन यायच्या आधी, त्याने घोडीच्या पायाला गाल लावला. बराच वेळ लावून होता. मीही लावून पाहिला. मला नुसते केस लागले आणि थंडी.

मंडळी दहा वाजता आली. डॉक्टरांनी पाय चाचपला, वाकवला, घोडीला चालवून पाहिलं, आणि घोडी बरी आहे असं सांगितलं. भाऊ म्हणाला, अजून नाही, महिना लागेल. महिना म्हणजे मग तयारीला वेळ उरत नाही, शर्यत गेली. मालकांनी आधी समजावलं. मग स्वतः हात लावून पाहिला. भावाने सांगितलं की उन्हात उभ्या घोड्याचे चारही पाय गरम लागतात, यात फरक कळणार नाही, मी पहाटे पाहिलाय. मालक चिडले. त्यांचंही चूक नव्हतं. ते म्हणाले, आज घोडी गाडीत चढली नाही, तर माझे बाकीचे घोडेही तुमच्याकडे राहणार नाहीत. आणि मग म्हणाले, हे गालाचं नाटक पुरे झालं, सगळ्यांसमोर हात लावा आणि हाताला लागतंय असं सांगा, मी ऐकेन.

मला हायसं वाटलं. एवढंच ना? लाव हात, म्हण लागतंय, सुटला तू. मी मनातल्या मनात ओरडत होते.

भावाने हात लावला. वरून खाली फिरवला, बाबा फिरवायचे तसा. आणि काढून घेतला.

"हाताले नाही लागत, शेठ," तो म्हणाला. "माझे हात मेले आहेत. मले महारोग आहे, पाच वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत. हाताची खोटी साक्ष मी देत नाही. पण गालाले लागून राहिलं, आणि ही घोडी आज गेली तं मोडते."

दोघे मित्र एक पाऊल मागे सरले. डॉक्टरसुद्धा सरले, शिकलेला माणूस. ते पाऊल आमच्या घराला ओळखीचं होतं. बाबा त्याबद्दल सांगायचे. मला वाटलं होतं की ते आमच्या वाट्याला पुन्हा यायचं नाही.

माझं डोकं भणाणलं. पाच वर्षं मी डब्यात गोळ्या लपवल्या, पोस्टात कोणी डबा उघडेल म्हणून जीव मुठीत धरला, आणि याने एका घोडीच्या पायासाठी सगळं उघड्यावर टाकलं. आणि तरी, खरं सांगते, पुण्याच्या त्या पहाटेच्या धुक्यात त्याचा हात पाहून वाटलं होतं ना, त्याच्या कितीतरी पट मोठा तो मला त्या उन्हात दिसला. एका मुक्या जनावरासाठी! कुठून आलं होतं हे आमच्या टांग्याच्या घरात?

मालक जागचे हलले नव्हते. त्यांनी कोट काढून सईसाकडे दिला. त्या पांढऱ्या पँटीनिशी शेणामातीत गुडघे टेकले आणि घोडीच्या पायाला गाल लावला. मिनिटभर तसेच होते. मग उठले.

"मला काही कळत नाही," ते म्हणाले. "घोडी राहू द्या."

त्या दिवशी ती गेली असती तर काय झालं असतं, हे कोणालाच ठाऊक नाही. कदाचित जिंकलीही असती. भावालाही मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाला, हो, असू शकते. मग घाई उरली नव्हती, ती उन्हाळ्यात गेली आणि पुढचे दोन मोसम पायात काही न होता धावली, जिंकली. मोठी शर्यत मात्र तिची कायमची राहून गेली.

बातमी आठवड्यात सगळीकडे झाली. दोन मालकांनी आपले घोडे सोडवून नेले. गाल लावणाऱ्या ट्रेनरांपैकी एकाचाही गाल दुसऱ्या दिवशी घोड्याला लागला नाही. मग महिना-दोन महिन्यांनी, भावाचे घोडे पुन्हा जिंकायला लागले तसे, एकेक करत पुन्हा गुडघ्यांवर आले. माणसाची जात!

पण मला आठवतं ते बेसा गावातलंच. मंडळी निघाली. मित्र आणि डॉक्टर आधीच मोटारीत जाऊन बसले होते. मालक परत फिरून भावापाशी आले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला, दोन्ही हातांनी, आणि घोडीच्या खुराकाबद्दल काहीबाही विचारत उभे राहिले. भाऊ त्यांच्या तोंडाकडे बघून उत्तरं देत होता. त्याला काही जाणवलंच नव्हतं. मी बाजूला उभी होते, मी त्याला डोळ्यांनी खूण केली.

त्याने खाली पाहिलं, तेव्हा त्याला कळलं की कोणीतरी आपला हात धरलाय.